स्पर्धा परीक्षेचं जीवशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नवी पेठेपासून शास्त्री रस्त्यापर्यंतच्या अभ्यासिकांमधून जीवशास्त्राचे जे प्रश्न वर्षभर येत राहतात, त्यातले हे निवडक. भाषा विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे, नावं गाळली आहेत. राज्यसेवा, संयुक्त पूर्व, पोलीस भरती, वनरक्षक, आरोग्यसेवक अशा सगळ्यांच्या उपयोगी पडावं या बेताने उत्तरं लिहिली आहेत. आधी पायाचे प्रश्न, पुढे अपवादांचे. एकदा सांगितलेली गोष्ट दुसरीकडे पुन्हा लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी आर्ट्सचा. दहावीनंतर विज्ञानाचं तोंड पाहिलं नाही. सुरुवात कुठून करू?

बालभारतीपासून. अप्पा बळवंत चौकात जाऊन जाडजूड गाईड आणण्याआधी आठवी, नववी आणि दहावीची विज्ञानाची पुस्तकं मिळवा. आठवीतले 'पेशी व पेशीअंगके' आणि 'मानवी शरीर व इंद्रिय संस्था' हे धडे आधी वाचा. मग दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २'कडे वळा. त्यात आनुवंशिकता, जीवनप्रक्रिया, प्राण्यांचं वर्गीकरण आणि सूक्ष्मजीवशास्त्र एकाच ठिकाणी मिळतं. वनस्पतींचं वर्गीकरण नववीत आहे. गाईड त्यानंतर, तेही सरावाच्या प्रश्नांपुरतं.

वर्गीकरणापासून सुरुवात मात्र करू नका. पेशी आणि शरीर माहीत नसताना प्राण्यांचे संघ पाठ करणारे पंधरवड्यात कंटाळतात आणि जीवशास्त्रच 'ऑप्शनला' टाकतात.

२. सगळं पाठ असूनही जीवशास्त्रात गुण जातात. असं का होतं?

बहुतेक वेळा माहिती कमी पडत नाही, प्रश्नातलं विशेषण वाचायचं राहून जातं. 'प्रौढ', 'परिपक्व', 'सर्व', 'फक्त', 'सस्तन', 'अंतःस्रावी' हे शब्द प्रश्नकर्त्याने उगीच घातलेले नसतात. 'सर्वात मोठी ग्रंथी' आणि 'सर्वात मोठी अंतःस्रावी ग्रंथी' यांची उत्तरं वेगळी आहेत (प्रश्न ८). 'माणसाच्या पेशीत गुणसूत्रं किती' आणि 'माणसाच्या युग्मकात (म्हणजे शुक्राणूत किंवा अंडपेशीत) किती' यांचीही (प्रश्न १६). आयोगाच्या विधानांच्या प्रश्नांत तर सगळा डाव अशा एखाद्या शब्दावरच असतो. जीवशास्त्रात अपवाद नसलेले नियम फार थोडे, म्हणून 'सर्व' किंवा 'नेहमी' असलेलं विधान दिसलं की आधी त्याला अपवाद सापडतो का ते पाहा. खालची बरीच उत्तरं त्या अपवादांबद्दलच आहेत.

३. पेशीचा शोध हूकने लावला की ल्युवेनहॉकने?

रॉबर्ट हूकने, १६६५ साली. त्याने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याला कप्पे दिसले. ते मृत पेशींच्या भिंतींचे होते. जिवंत पेशी, म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, पहिल्यांदा पाहिले ते अँटनी व्हॅन ल्युवेनहॉकने. तेव्हा प्रश्नात 'जिवंत' शब्द असेल तर उत्तर बदलतं. केंद्रकाचा शोध रॉबर्ट ब्राऊन, १८३१. पेशी सिद्धान्त श्लायडेन (१८३८, वनस्पती) आणि श्वान (१८३९, प्राणी) यांचा. 'नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते' ही भर रुडॉल्फ विरशॉवची, १८५५. विरशॉवचं नाव गाळून दोघांनाच पूर्ण श्रेय देणारा पर्याय बऱ्याचदा फसवतो.

४. पेशीअंगकांची टोपणनावं पाठ आहेत. एवढं पुरेसं आहे का?

पोलीस भरतीला बहुधा पुरेल. तंतुकणिका म्हणजे ऊर्जाघर, लयकारिका म्हणजे आत्मघाती पिशव्या, रायबोसोम म्हणजे प्रथिनांचा कारखाना. राज्यसेवेला थोडं पुढे जावं लागतं. तंतुकणिका आणि हरितलवक यांना स्वतःचा डीएनए असतो. आपल्या तंतुकणिका आईकडून येतात, म्हणून तंतुकणिकेतल्या डीएनएच्या दोषाचे आजार आईकडून उतरतात. पेशीभित्तिका वनस्पतीत असते, प्राण्यात नसते हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती कवकांतही असते, पण तिथे सेल्युलोजऐवजी कायटिनची असते, हे मात्र विसरलं जातं. रायबोसोमभोवती पटल नसतं. त्यामुळे आदिकेंद्रकी पेशीत, म्हणजे जिवाणूतही, तो असतो.

५. तांबड्या रक्तपेशीत केंद्रक असतं की नसतं? एका गाईडात 'उंट अपवाद' लिहिलंय.

माणसाच्या परिपक्व तांबड्या पेशीत केंद्रक नसतं. 'परिपक्व' हा शब्द मोलाचा आहे, कारण अस्थिमज्जेत तयार होताना त्या पेशीला केंद्रक असतं. रक्तात येण्याआधी ते बाहेर टाकलं जातं, त्यामुळे हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळते. सोबत तंतुकणिकाही जातात. म्हणून तांबडी पेशी आयुष्यभर ऑक्सिजन वाहते, पण त्यातला कणही स्वतःसाठी वापरत नाही.

हा नियम सस्तन प्राण्यांचा आहे. पक्षी, सरपटणारे प्राणी आणि मासे यांच्या तांबड्या पेशींत केंद्रक असतं, बेडकाच्याही. राहिला उंट. उंट आणि लामा यांच्या तांबड्या पेशी इतर सस्तन प्राण्यांसारख्या गोल नसतात, लंबगोल असतात. अपवाद आहे तो एवढाच. केंद्रक उंटाच्याही परिपक्व पेशीत नसतं. जुन्या गाईडांतून ही चूक नव्या गाईडांत उतरत आली आहे. पर्यायांत उंट दिसला की प्रश्न आकाराचा आहे की केंद्रकाचा, ते नीट वाचा.

रक्तपट्टिकांतही केंद्रक नसतं, कारण त्या पूर्ण पेशी नसून मोठ्या पेशीचे तुकडे असतात. पांढऱ्या पेशींत ते असतं. पेशींचं आयुष्य किती दिवसांचं, त्यासाठी पुढचा प्रश्न पाहा.

६. प्रत्येक पुस्तकात आकडे वेगळे. कोणता धरायचा?

आधी दोन्ही आकडे एकाच गोष्टीचे आहेत का ते बघा. मणके ३३ की २६? दोन्ही बरोबर. जन्मतः ३३ असतात. पुढे त्रिकास्थीचे पाच मिळून एक हाड होतं आणि माकडहाडाचे चार मिळून एक, म्हणून प्रौढात २६. एकूण २०६ हाडांची बेरीज हे २६ धरूनच जुळते. नवजात बाळाची हाडं साधारण ३०० सांगितली जातात, तीही पुढे अशीच जुळत जातात. कवटीची हाडं २२, त्यातली ८ मेंदूभोवतीची आणि १४ चेहऱ्याची.

काही आकडे मुळातच पल्ल्यात असतात. तांबड्या पेशींचं आयुष्य पाठ्यपुस्तकात १०० ते १२७ दिवस आहे, गाईडात सरळ १२०. पर्यायांत दोन्ही एकत्र येण्याची शक्यता कमीच, आले तर राज्याच्या परीक्षेत पाठ्यपुस्तकाचा आकडा धरा. हृदयाचे ठोके ७२ ही सरासरी आहे, निरोगी प्रौढ माणसात विश्रांतीच्या वेळी ते ६० ते १०० च्या दरम्यान असू शकतात. रक्ताचा सामू (पीएच) ७.४, म्हणजे किंचित आम्लारीधर्मी.

७. 'धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध' हे विधान आलं तर बरोबर म्हणायचं की चूक?

चूक. धमनी म्हणजे हृदयापासून रक्त दूर नेणारी वाहिनी आणि शीर म्हणजे हृदयाकडे आणणारी. व्याख्या दिशेवरून ठरते, रक्तात ऑक्सिजन किती आहे यावरून नाही. फुप्फुसधमनी उजव्या निलयातून (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून) ऑक्सिजन कमी असलेलं रक्त फुप्फुसाकडे नेते आणि फुप्फुसशिरा ऑक्सिजनयुक्त रक्त डाव्या अलिंदात (वरच्या कप्प्यात) आणतात. गर्भाच्या नाळेतही हाच उलटा प्रकार असतो: नाळेतल्या शिरेत ऑक्सिजनयुक्त रक्त, धमन्यांत ऑक्सिजन कमी असलेलं.

आणखी एक शीर लक्षात ठेवण्यासारखी आहे. आतड्यांकडून निघणारी एक शीर थेट हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जाऊन पुन्हा केशवाहिन्यांत फुटते. पचलेलं अन्न शरीरभर जाण्याआधी यकृतातून जातं ते तिच्यामुळे.

८. सर्वात मोठं, सर्वात लहान, सर्वात कठीण: यादी मिळेल का?

यादीपेक्षा गोंधळ कुठे होतो तेवढं सांगतो. सर्वात मोठं इंद्रिय त्वचा, शरीराच्या आतलं सर्वात मोठं यकृत. सर्वात मोठी ग्रंथीही यकृतच, पण अंतःस्रावी ग्रंथींत सर्वात मोठी अवटू (थायरॉइड). स्वादुपिंड मिश्र ग्रंथी आहे, कारण ते नलिकेतून पाचकरस सोडतं आणि थेट रक्तात इन्सुलिन व ग्लुकॅगॉनही. सर्वात लांब हाड मांडीचं, सर्वात लहान कानातलं रिकिब. सर्वात कठीण पदार्थ दातावरचं एनॅमल, हाड नव्हे.

यकृतावरचा एक प्रश्न हमखास येतो. पित्तरस तयार होतो यकृतात, साठतो पित्ताशयात, आणि त्यात विकर (एन्झाइम) एकही नसतं. तरी तो मेदाच्या पचनाला मदत करतो, कारण तो मेदाचे बारीक थेंब करतो. पुढचं काम स्वादुपिंडातल्या विकराचं.

९. जीवनसत्त्वं आणि आजार गळ्याशी आलेत. नवं काय विचारतील?

'अ' म्हणजे रातांधळेपणा, 'ब-१' म्हणजे बेरीबेरी, 'क' म्हणजे स्कर्व्ही, 'ड' म्हणजे मुडदूस, एवढं आता सगळ्यांनाच येतं. म्हणून प्रश्न पुढे सरकलेत. गाजरात 'अ' जीवनसत्त्व असतं असं आपण म्हणतो, पण तिथे असतं बीटा कॅरोटीन आणि त्याचं 'अ' शरीरात होतं. 'ब-१२'मध्ये कोबाल्ट असतं. ते पाण्यात विरघळणारं असूनही यकृतात साठतं, हा पाण्यात विरघळणाऱ्या गटातला ठळक अपवाद. ते जिवाणू तयार करतात आणि आपल्याला मिळतं ते प्राणिज पदार्थांतून, म्हणून दूधदुभतंही न घेणाऱ्यांना ते वेगळं घ्यावं लागतं. 'ड' उन्हात त्वचेत तयार होतं. रक्त गोठायला 'के' लागतं. मेदात विरघळणारी चारच: अ, ड, ई, के.

नावांच्या सारखेपणातून होणारी एक गल्लत मेसच्या टेबलावरही ऐकू येते. गलगंड आयोडीनच्या कमतरतेने होतो, गालगुंड विषाणूने आणि घटसर्प जिवाणूने. तिन्ही त्रास गळ्याच्या आसपासचे, म्हणून जोड्या लावताना मुद्दाम एकत्र देतात.

१०. 'ओ' गट सर्वदाता असतो, मग 'बॉम्बे रक्तगट' काय प्रकार आहे?

रक्तगट कार्ल लँडस्टायनरने १९०० च्या सुमारास शोधले आणि त्यासाठी १९३० साली त्याला नोबेल मिळालं. तांबड्या पेशीवर 'ए' प्रतिजन (अँटीजेन) असेल तर 'ए' गट, 'बी' असेल तर 'बी', दोन्ही असतील तर 'एबी', एकही नसेल तर 'ओ'. ऱ्हीसस घटकासह विचार केला तर सर्वदाता 'ओ निगेटिव्ह' आणि सर्वग्राही 'एबी पॉझिटिव्ह'. नुसतं 'ओ' आणि 'ओ निगेटिव्ह' असे दोन्ही पर्याय असले तर दुसरा निवडा. आणि हे सगळं तांबड्या पेशींचं झालं. नुसता रक्तद्रव द्यायचा असेल तर हिशोब उलटतो, तिथे सर्वदाता 'एबी' असतो, कारण त्याच्या रक्तद्रवात 'ए' आणि 'बी'विरुद्धची प्रतिपिंडं (अँटीबॉडी) नसतात.

आता बॉम्बे गट. 'ए' आणि 'बी' प्रतिजन तयार होतात ते 'एच' नावाच्या मूळ पदार्थापासून. 'ओ' गटाच्या माणसात हा 'एच' असतो, त्याचं पुढे काही होत नाही एवढंच. काही मोजक्या माणसांत 'एच'च तयार होत नाही. साध्या चाचणीत त्यांचं रक्त 'ओ' दिसतं, पण त्यांच्या रक्तद्रवात 'एच'विरुद्ध प्रतिपिंडं असतात. त्यामुळे त्यांना 'ओ' गटाचं रक्तही चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचंच चालतं. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा गट उजेडात आणला, नाव त्यावरूनच पडलं.

यावरचा कठीण प्रश्न असा: आईवडील दोघंही चाचणीत 'ओ', मूल 'ए'. शक्य आहे का? नेहमीच्या नियमाने नाही. पण पालकांपैकी एक जण बॉम्बे गटाचा असेल तर शक्य आहे, कारण त्याच्याकडे 'ए'चं जनुक असू शकतं, 'एच' नसल्यामुळे ते त्याच्यात दिसत नाही. मुलाला दुसऱ्या पालकाकडून 'एच' मिळाला की ते दिसायला लागतं.

११. विषाणू सजीव की निर्जीव? नक्की एक काय लिहू?

सीमेवरचा. पेशीबाहेर तो स्फटिकासारखा निपचित असतो, जिवंत पेशीत शिरल्यावर स्वतःच्या प्रती काढतो. वेंडेल स्टॅन्लीने १९३५ साली तंबाखूवरच्या विषाणूचे स्फटिक मिळवले, तेव्हापासून हा वाद पाठ्यपुस्तकात आहे. त्याला पेशीच नसल्यामुळे व्हिटेकरच्या १९६९ च्या पंचसृष्टी पद्धतीत (मोनेरा, प्रोटिस्टा, कवके, वनस्पती, प्राणी) त्याला जागा नाही. प्रतिजैविकं जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर नाहीत.

जोड्यांसाठी: देवी, गोवर, कांजिण्या, पोलिओ, रेबीज विषाणूंचे. क्षय, पटकी, विषमज्वर, डांग्या खोकला, धनुर्वात, कुष्ठरोग जिवाणूंचे. पुण्यातली राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था १९५२ साली 'विषाणू संशोधन केंद्र' म्हणून सुरू झाली आणि १९७८ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या माकडतापाचा विषाणू १९५७ साली ओळखला तो याच संस्थेने. हा ताप गोचिडीमार्फत पसरतो, डासामार्फत नाही.

१२. कोणत्या डासाने कोणता रोग? दर वेळी उलटसुलट होतं.

ॲनॉफिलिस हिवताप पसरवतो. एडिस डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका. क्युलेक्स हत्तीरोग आणि जपानी मेंदूज्वर. चावते ती मादीच, कारण अंडी तयार होण्यासाठी तिला रक्तातली प्रथिनं लागतात. नर फुलांच्या रसावर जगतो.

गोंधळ होतो तो वाहक आणि कारक एकच मानल्यामुळे. डास वाहक आहे. हिवतापाचा कारक प्लाझमोडियम हा आदिजीव, डेंगीचा विषाणू, हत्तीरोगाचा गोल कृमी. एकाच प्रकारच्या कीटकामागे तीन वेगळ्या गटांतले जीव, आणि आयोगाला नेमकं हेच विचारायला आवडतं. हिवतापाचा परजीवी डासाच्या शरीरात असल्याचं रोनाल्ड रॉसने सिकंदराबादला २० ऑगस्ट १८९७ रोजी पाहिलं. म्हणून २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन. नोबेल १९०२ साली. माणसाच्या रक्तात तो त्याआधीच, १८८० मध्ये, लाव्हेरानला दिसला होता.

पुणे जिल्ह्यापुरती एक नोंद: महाराष्ट्रातला झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला. 'झिका' हे नाव युगांडातल्या जंगलाचं, विषाणू पहिल्यांदा तिथे १९४७ साली मिळाला. आणि १८९७ चा पुण्याचा प्लेग तुम्हाला रँडच्या वधामुळे इतिहासात भेटतो, तो डासाचा नव्हे. कारक यर्सिनिया पेस्टिस हा जिवाणू, वाहक उंदरावरची पिसू.

१३. सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची साथ आली होती ना? मग तो संसर्गजन्य आजार झाला की नाही?

नाही. जानेवारी २०२५ मध्ये त्या भागात गियाँ-बारे सिंड्रोमचे बरेच रुग्ण आढळले, म्हणून 'साथ' हा शब्द वापरला गेला. पण हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याकडे जात नाही. होतं असं की आधी एखादा संसर्ग होतो, बऱ्याचदा दूषित अन्नपाण्यातून कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी या जिवाणूचा. त्याच्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडं पुढे आपल्याच चेतातंतूंवर उलटतात. हातपाय, बहुधा आधी पाय, लुळे पडू लागतात. म्हणजे पोटाचा संसर्ग पसरू शकतो, जीबीएस पसरत नाही. तो स्वयंप्रतिकार विकार आहे. हल्ला परिघीय चेतासंस्थेवर होतो, मेंदू आणि मेरुरज्जूवर नाही. चालू घडामोडींत हा प्रश्न आला तर पर्याय याच मुद्द्यांवर बेतलेले असतील.

१४. देवमासा मासा नाही, हे कळलं. असे आणखी कोणते आहेत?

भरपूर. देवमासा आणि डॉल्फिन सस्तन, पण व्हेल शार्क मासाच. तारामासा कंटकचर्मी, जेलीफिश निडारिया संघातली, पुस्तकं कुरतडणारी कसर, म्हणजे सिल्व्हरफिश, कीटक. समुद्रघोडा मात्र खरोखर मासा आहे, आणि त्याच्यात पिल्लं पोटपिशवीत सांभाळतो तो नर. कोळी आणि विंचू कीटक नाहीत, त्यांना आठ पाय असतात आणि कीटकाला सहा. तरी कीटक, कोळी, खेकडा, गोम हे सगळे संधिपाद संघातले, आणि हाच प्राण्यांचा सर्वात मोठा संघ. ऑक्टोपस गोगलगायीच्या नात्यातला, मृदुकाय.

वटवाघूळ उडतं पण सस्तन. खवल्या मांजराच्या अंगावर खवले असूनही ते सस्तन. प्लॅटिपस आणि एकिडना अंडी घालतात तरी सस्तन, कारण पिल्लांना दूध पाजतात. हृदयाचे कप्पे माशात दोन, उभयचरात तीन, पक्षी व सस्तन प्राण्यांत चार. सरपटणाऱ्यांत तीन म्हणतात, पण मगरीत चार असतात. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जाणं झालंच तर मगरीसमोर उभं राहून हे एक पक्कं करून या.

१५. बटाटा खोड, रताळं मूळ. हे पाठ करण्याशिवाय ओळखायची युक्ती आहे का?

आहे, आणि तिच्यासाठी मंडईत एक फेरी पुरते. खोडाला पेरं आणि डोळे असतात, मुळाला नसतात. बटाट्यावर डोळे असतात आणि त्यांतून कोंब येतात, म्हणून तो खोड. आल्यावर आणि हळकुंडावर पेरांच्या गोल खुणा दिसतात, म्हणून तीही खोडं. रताळं, गाजर, मुळा यांवर तसं काही नसतं, ती मुळं. कांद्यात खोड म्हणजे तळाशी असलेली चपटी चकती, आपण खातो ती पानांची मांसल बुडं.

पुढे फळं. टोमॅटो, वांगं, भेंडी, काकडी ही वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने फळंच, कारण ती अंडाशयापासून होतात. भुईमुगाची शेंगही फळ. फूल जमिनीवर येतं आणि फलनानंतर त्याचा देठ मातीत घुसतो, म्हणून शेंग खाली भरते. ती मुळाला लागते असं लिहिलं तर चूक. सफरचंद, काजूबोंड आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी ही आभासी फळं. खरं फळ काजूत खाली लटकणारी बी असलेला भाग, आणि स्ट्रॉबेरीत अंगावरचे ते बारीक दाणे. लवंग फुलाची कळी. केशर फुलातल्या कुक्षी. शहाळ्याचं पाणी द्रवरूप भ्रूणपोष.

१६. आनुवंशिकतेत नेमकं कुठे फसवतात?

तीन ठिकाणी. पहिलं, गुणसूत्रांची संख्या. शरीरपेशीत ४६, युग्मकात २३, डाऊन सिंड्रोममध्ये ४७ (एकविसावं गुणसूत्र एक जास्त), क्लाईनफेल्टरमध्ये ४७, टर्नरमध्ये ४५. परिपक्व तांबड्या पेशीत शून्य, कारण प्रश्न ५.

दुसरं, गुणोत्तर. मेंडेलच्या एकसंकरात दुसऱ्या पिढीत दिसण्याचं गुणोत्तर ३:१, जनुकांचं १:२:१. द्विसंकरात दिसण्याचं ९:३:३:१. पण अंगणातल्या गुलबाक्षीचा लाल आणि पांढरा संकर केला तर पहिली पिढी गुलाबी येते आणि दुसऱ्या पिढीत दोन्ही गुणोत्तरं १:२:१ होतात. याला अपूर्ण प्रभाविता म्हणतात.

तिसरं, लिंगाशी जोडलेले आजार. रंगांधळेपणा आणि हिमोफिलिया यांची जनुकं 'एक्स'वर असतात. आई रंगांधळी असेल तर सगळे मुलगे रंगांधळे होतात, वडिलांची दृष्टी कशीही असो, कारण मुलाला 'एक्स' आईकडूनच मिळतो. बापाकडून मुलग्याकडे हा आजार जात नाही. मुलगा की मुलगी हे ठरतं पित्याच्या शुक्राणूवरून. हे विधान पुन्हा पुन्हा येतं, आणि परीक्षेबाहेरही ते चारचौघांना सांगायला हरकत नाही.

१७. पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो, म्हणून तो लावावा, असं एका क्लासच्या नोट्समध्ये आहे. बरोबर का?

पिंपळ जरूर लावा, पण विधान चूक आहे. झाड ऑक्सिजन सोडतं ते प्रकाशात पाण्याचा रेणू फुटल्यामुळे. तो ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला नसतो, पाण्यातला असतो, आणि हा स्वतंत्र प्रश्न म्हणूनही येतो. उजेड नाही तर ही क्रिया नाही. श्वसन मात्र रात्रंदिवस चालू असतं. निवडुंगासारख्या काही वनस्पती रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात, त्यावरून रात्री ऑक्सिजन सोडतात असा समज पसरला असावा. तुळशीलाही हेच उत्तर लागू.

१८. कीटकभक्षी वनस्पती कीटक खातात, मग त्या परपोषी ना?

नाही, स्वयंपोषी. त्यांना हरितद्रव्य असतं, अन्न त्या स्वतःच तयार करतात. कीटकांकडून घेतात ते मुख्यतः नायट्रोजन, कारण त्या वाढतात त्या मातीत तो फार कमी असतो. पावसाळ्यात साताऱ्याजवळच्या कास पठारावर गेलात तर दोन सहज दिसतात. दवबिंदूच्या पानावरचे चिकट थेंब कीटकाला धरून ठेवतात. सीतेची आसवं वरून नुसतं जांभळं फूल दाखवते, तिचे बारीक फुगे ओल्या मातीत दडलेले असतात. पश्चिम घाटातल्या इतर स्थळांसोबत कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे, भूगोलवाल्यांनीही टिपून ठेवा.

परपोषी शोधायची तर अमरवेल: पानं नाहीत, मूळ जमिनीत नाही, सगळं यजमानाकडून. आंब्यावरचं बांडगूळ अर्धपरजीवी, ते पाणी आणि क्षार चोरतं, अन्न स्वतः करतं. चंदनही अर्धपरजीवी आहे, पण त्याची चोरी जमिनीखाली मुळांतून चालते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

१९. वनरक्षकासाठी सापांचं किती करायचं?

चार नीट करा: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. नाग आणि मण्यार यांचं विष चेतासंस्थेवर, घोणस आणि फुरसं यांचं रक्तावर परिणाम करतं. मण्यार रात्री फिरतो, दंश फारसा दुखत नाही, म्हणून झोपलेल्या माणसाला कळतही नाही. धामण बिनविषारी. घोणस आणि अजगराचं पिल्लू यांत गफलत होते, ती जिवावर बेतते. सह्याद्रीतला हिरवा चापडा विषारी आहे, पण या चौघांत धरत नाहीत.

प्रतिविष घोड्याच्या शरीरात विषाची थोडी थोडी मात्रा देऊन मिळवलेल्या प्रतिपिंडांपासून करतात. आयती प्रतिपिंडं मिळतात म्हणून ही निष्क्रिय प्रतिकारशक्ती. लसीने आपलं शरीर स्वतः प्रतिपिंडं करतं, म्हणून ती सक्रिय. साप दूध पीत नाही, नागपंचमीला कोणी कितीही म्हणो.

२०. राज्यचिन्हं जीवशास्त्रात धरायची का?

धरा, फुकटचे गुण आहेत. प्राणी शेकरू (पुणे जिल्ह्यात भीमाशंकरला पाहता येतो), पक्षी हरियाल, फूल ताम्हण, वृक्ष आंबा, फुलपाखरू ब्लू मॉरमॉन (२०१५), कांदळवन वृक्ष पांढरी चिपी, मासा पापलेट (२०२३). शेकरू खारीच्या कुळातला, म्हणजे कृंतक.

२१. उत्तरतालिकेतलं उत्तर पुस्तकाशी जुळत नाही. काय करू?

आयोग आधी पहिली उत्तरतालिका लावतो, त्यावर हरकती मागवतो आणि मग अंतिम लावतो. हरकत घ्यायची तर मुदतीत घ्या आणि पुरावा म्हणून पाठ्यपुस्तकाचं किंवा मान्यताप्राप्त संदर्भग्रंथाचं पान जोडा. क्लासच्या नोट्स आणि मोबाइलवर फिरणारी चित्रं यांना वजन नसतं. हरकतीत 'उत्तर चूक आहे' एवढंच लिहू नका. प्रश्नातल्या कोणत्या शब्दामुळे दुसरा पर्याय बरोबर ठरतो, ते दोन ओळींत लिहा. उंटाच्या प्रश्नावर हरकत घेणाऱ्याने 'परिपक्व' शब्दाखाली रेघ मारून पान जोडलं तर वाचणाऱ्याला शोधाशोध करावी लागत नाही. प्रश्नक्रमांक कोणत्या संचातला धरायचा ते सूचनांत वाचूनच भरा. चारही संचांत क्रम वेगळा असतो आणि भलत्याच प्रश्नावर हरकत नोंदवून बसणारे दर परीक्षेला निघतात.